तानाबाईंच्या इंजिनाचे आटे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याचे एक छप्पर उभे आहे. त्यावर फलक नाही. तरी जिल्ह्यातल्या कोणत्याही मेकॅनिकला विचारा, "स्टड मोडला, आता कुणाकडे जाऊ?" तो डोळे मिटून सांगेल, "दादासो कांबळ्यांकडे."

इंजिनाचे हेड ज्या जाड आटेदार सळ्यांनी ठोकळ्याला आवळून धरलेले असते, त्यांना स्टड म्हणतात. गंजाने, उष्णतेने आणि सर्वांत अधिक माणसाच्या घाईने, हा स्टड कधी ठोकळ्यातच मोडतो. कधी भोकातले आटे खरवडून सोबत घेऊनच बाहेर येतो. मग वर्षानुवर्षे राबलेले इंजिन भंगाराच्या वाटेला लागते. त्या वाटेवरून त्याला हात धरून परत आणणे, हे दादासोंचे चाळीस वर्षांचे व्रत. ते तथागतांचे उपासक, मी पांडुरंगाचा दास. पण त्यांचा हात लोखंडावर फिरताना पाहिला की माझ्या बोटांना टाळांची आठवण होते.

त्या व्रताचा एक नेम आहे. स्टड कोणी मोडला, हे ते कधी विचारत नाहीत.

"इचारलं की माणूस खोटं बोलतंय," ते म्हणतात. "आन् खोटं ऐकून हाताला काय कळत न्हाय."

हा नेम त्यांनी एकदाच मोडला, तो माझ्यादेखत. कार्तिकातला सप्ताह होता. मुरगूडजवळच्या एका गावी माझी कीर्तनसेवा होती आणि उतरायला जागा तानाबाईंच्या घरी होती. साठी उलटलेली ती माउली गावातले शेवटचे गुऱ्हाळ चालवत होती. उसाचा घाणा फिरवायला सासऱ्यांच्या काळचे डिझेल इंजिन. ऊस तोडून आणला, इंजिन लावले, तो हेडच्या सांध्यातून फुसफुस करीत धूर निघाला. सांधा बंद ठेवणारी आतली चकती, म्हणजे गॅस्केट, बदलावी म्हणून मुलगा संग्राम हेड उघडायला बसला. स्टडांवरचे नट हलेनात. त्याने पान्याला लांब पाइप जोडला आणि अंगाचा सारा भार टाकला. एक स्टड ठोकळ्याशी सपाट मोडला. दुसरा निघाला, पण आटे घेऊन निघाला.

संग्राम कागलच्या कारखान्यात नोकरीला होता. गुऱ्हाळ त्याला नकोसे झाले होते. तो आईला स्पष्टच म्हणाला, "आता गुळाची काहील इकून टाक. हे इंजिन सुरू झालं तर गुऱ्हाळ, न्हाय तर पुढच्या सालापास्नं सगळा ऊस साखर कारखान्याला."

आणि अंगणात तोडलेल्या उसाचा ढीग पडला होता. असा ऊस चार दिवसही थांबत नाही, वाळतो, आंबतो. तानाबाई दर तासाला जाऊन कांड्या दाबून पाहत.

कोल्हापूरला निरोप गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दादासो एसटीतून उतरले. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, कपाळाला घाम.

"या पावणं," तानाबाई म्हणाल्या. "ही दोन भोकं बगा आन् एकदा सांगून टाका, रडायचं का चुलाण पेटवायचं."

"आदी च्या पाजा, अक्का. मग दोन्ही करू."

संग्राम पुढे झाला. "मिस्त्री, आपोआप तुटला बरं का ह्यो."

"तुटतंय की. लोखंड हाय." दादासोंनी वर पाहिलेही नाही.

मग सुरू झाले ते काम, ज्याला घाई ठाऊक नाही. मोडक्या स्टडचे तोंड त्यांनी कानसीने सपाट केले. मध्य शोधला, पुन्हा शोधला, आणि मगच खूण ठोकली. ब्लो लॅम्पच्या ज्योतीने भोवतीचा ठोकळा तापवला. तापल्या लोखंडाला मेणबत्ती टेकवली. मेण वितळले आणि जिथे तेलाचा थेंब शिरत नव्हता त्या आट्यांत झिरपत गेले. बॅटरीच्या ड्रिलने मधोमध बारीक भोक पाडून त्यात त्यांनी चौकोनी कडांचे हत्यार ठोकून बसवले, आणि पहिला जोर दिला तो चक्क आवळायच्या दिशेने.

"ओ मिस्त्री! उलटं फिरवताय!" संग्राम ओरडला.

"रुसलेल्याला एकदम भाईर ओढत न्हाईत, बाबा. आदी थोडं त्याच्या मनासारखं जायचं."

केसभर आत, केसभर बाहेर. मग तांबूस धुळीसह तो तुकडा फिरत फिरत वर आला. तानाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच धुराला शिव्या घातल्या. धूर तेव्हा नव्हताच.

दुसरे भोक अधिक हट्टी. आटे गेलेली ती जागा दादासोंनी थोडी मोठी केली आणि टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, नवे आटे पाडले: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कीस झटकायचा, तेलाचा थेंब सोडायचा, पुन्हा अर्धा पुढे. त्या आट्यांत पोलादी तारेचे वेटोळे बसवले. आता त्या वेटोळ्याच्या आत मूळ मापाचा स्टड पुन्हा उभा राहणार होता. उरलेले दोन जुने स्टडही त्यांनी काढले आणि चारही नवे घातले. जुने ओळीने फडक्यावर मांडले तेव्हा ते थबकले. मागचे दोन चकचकीत. उगवतीकडचे, म्हणजे दगा दिलेले दोन मात्र किड्यांनी कुरतडावे तसे खाल्लेले. एकाच इंजिनाचे, एकाच पावसातले, मग असे का? छपराकडे पाहिले, गळती नव्हती. मान हलवून त्यांनी नवी गॅस्केट घालून हेड चढवले आणि चारही नट कोपऱ्याआड कोपरा, टप्प्याटप्प्याने आवळले.

दुपारी इंजिन सुरू करायची वेळ झाली. तानाबाई न्हाऊन आल्या. हातात हळदकुंकू आणि नारळ. त्या इंजिनाच्या उगवतीच्या कोपऱ्यापाशी उभ्या राहिल्या आणि हेडवर फोडण्यासाठी त्यांनी नारळ वर उचलला.

दादासोंना उत्तर मिळाले होते. पण ते उच्चारायचे कसे? नारळ फोडणे त्यांच्या घरचा रिवाज नव्हे. त्यांच्या तोंडून निघालेला शब्द त्या माउलीला तिच्या देवाचा उपमर्द वाटला असता. आणि गप्प राहावे, तर आज जगवलेल्या आट्यांत आजच नवा गंज पेरला जाणार होता.

"अक्का, थांबा." त्यांनी फडके पुढे केले. "ह्या मागच्या स्टडवर हात फिरवा. आता ह्या उगवतीच्या."

तानाबाईंनी बोट फिरवले. "ह्यो का असा खाल्लाय?"

"नारळ कुटं फोडताय दरवर्षी?" आपला नेम मोडून दादासोंनी विचारले.

"हितंच. सासूबाईंनी दावलेली जागा. खंडेनवमीला एक, गुऱ्हाळ लावताना..."

खारट-गोड पाणी कोणत्या फटीतून कुठे उतरत गेले, हे बोटाला कळले होते.

संग्राम टाळी वाजवून हसला. "म्हंजे मी न्हवं मोडला! आईनं मोडला!"

"गप्! पाइप तू लावलास, मुडद्या!"

मी बोलायला तोंड उघडणार, तोच तानाबाई म्हणाल्या, "बुवा, तुमी ऱ्हाऊ द्या. तुमचं कीर्तन सांजंला." दादासोंकडे वळून त्यांनी हळू आवाजात विचारले, "मग पुजायचं न्हाय म्हणता?"

"पुजा की. पर त्याला काय आवडतंय ते द्या. पाणी न्हाय, अक्का. तेल."

देवा, कोणाच्या मुखाने कोणते वचन वदवशील, याचा अंत नाही! तानाबाईंनी नारळ चुलाणाच्या दगडी पायरीवर फोडला. मग तेलाचे फडके घेऊन त्यांनी हेड, नट, चारही स्टडांची डोकी आपल्या हाताने पुसली, बाळाचे अंग पुसावे तशी.

संग्रामने हँडल मारले. काही नाही. दुसऱ्यांदा एक काळा उसासा. तिसऱ्यांदा जड चाक आपल्या वजनाने फिरले आणि ठक्... ठक्... करता करता ठेका धरला. सगळे धुराड्याकडे पाहत होते. दादासो मात्र वाकून उगवतीच्या स्टडापाशी, हेडच्या सांध्यावर बोट फिरवत होते. एकदा. काही वेळाने पुन्हा एकदा.

"कोरडं हाय," ते म्हणाले. "घाला ऊस."

पहिली मोळी संग्रामनेच उचलली. तानाबाई इंजिनाच्याही वर आवाज चढवून ओरडल्या, "आरं, बुडखा पुढं घाल, शेंडा न्हवं! कारखान्यात जाऊन एवढं बी इसरलास व्हय!"