कुसुममावशीच्या पश्चात

मेल्यावर दुसऱ्याच दिवशी कुसुममावशीला नवरा मिळाला.

दोन मुलं, सुना, नातवंडंही मिळाली. आमच्या इथल्या लोकल पेपरात तसं छापूनच आलं.

मावशीचं लग्नच झालं नव्हतं.

मूळची रत्नागिरीची. टेलिफोन ऑपरेटर होती, रिटायर झाल्यावर इंद्रलोक सोसायटीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली.

माझी आई गेली तेव्हा मी नववीत होतो. बाबांच्या शिफ्ट असायच्या. तेव्हापासून माझा डबा, माझा ताप, माझे रिझल्ट, सगळं मावशीकडे.

रविवारी चहा पिताना आम्ही तो पेपर मोठ्याने वाचायचो, फक्त हसायला. एकदा छापलं होतं, 'मयत इसमाने याबाबत कोणतीही तक्रार दिलेली नाही.'

मावशीच्या नाकात चहा गेला. "समजूतदार होता बिचारा," म्हणाली.

वर्षापूर्वी आजच्याच दिवशी ती गेली. निधनाची बातमी मीच दिली. नाव, वय, पत्ता, सगळं नीट टाइप करून.

बाकीचा संसार त्यांनी मनानेच थाटला.

मी फोन केला. तिथला माणूस तसा सभ्य होता. म्हणाला, मजकूर सगळ्यांना तोच असतो, आम्ही फक्त नाव बदलतो. घरच्यांनाही बरं वाटतं.

मग म्हणाला, "करेक्शन टाकतो ना. पश्चात कोण आहे ते सांगा."

"मी."

"नातं?"

"शेजारी."

"शेजारी नाही लिहीत हो आपण."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तिने मला वाढवलंय. हॉस्पिटलच्या फॉर्मवर माझी सही आहे. अग्नी मी दिलाय.

बघतो, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर, कोचिंग क्लासच्या जाहिरातीखाली दुरुस्ती आली.

'कै. कुसुमताई या अविवाहित होत्या. त्यांच्या पश्चात कोणीही नाही.'

मी ते तीनदा वाचलं. पुन्हा फोन करायची ताकदच राहिली नाही.

कोणाला सांगणार, आणि काय सांगणार? त्यांच्या हिशोबाने आता एकही चूक नव्हती.

वर्ष झालं, पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. त्या आधीच्या खोट्या बातमीत निदान तिच्यासाठी रडणारं कोणीतरी होतं.

मावशी, पेपरात जागा नाही मिळाली, म्हणून इथे लिहितोय.

तुझ्या पश्चात मी आहे.

नमस्कार करतो गं.