सहा ठिपक्यांचा सत्तार

आमच्या जीपमध्ये दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ आमचे ड्रायव्हर सत्तारभाई रोज सकाळी फडक्यानं झटकतात. किस्से कोणी झटकत नाही, म्हणून ते सीटखाली साठतच जातात. ही जीप गडचिरोलीच्या जंगलातल्या एका छोट्या दवाखान्याची, साल नव्व्याण्णवच्या आसपासचं. मी नुकतीच बी.एस्सी. झालेली, आणि भित्री. बीपीच्या पट्ट्यातून हवा सुटली की पेशंटआधी मीच दचकायची!

•

काम असं होतं. जन्मताना वजन कमी आणि पुढे भराभर अंग धरलेलं, अशा माणसांना चाळिशीत बीपीचा, हृदयाचा धोका जास्त, असं डॉक्टर म्हणतात. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमना ते आपल्या भागात तपासायचं होतं. पण चाळीस वर्षांपूर्वीची जन्मवजनं या जंगलात आणायची कुठून?

जनाबाईंकडून! जनाबाई दवाखान्याच्या जुन्या दाई. आकडे लिहिता येत नव्हते, म्हणून वहीत शाईचे ठिपके. एक ठिपका म्हणजे पाव किलो. बाळाचं नाव मागाहून कंपाउंडर लिहायचा. दहा ठिपके भरले की बाळ ठीक. दहाच्या आत असलं, की जनाबाई महिनाभर रोज त्या घरी जायच्या. नदी भरलेली असो, नसो. अशी वही एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवा बघू!

•

सगळी वही उतरवून झाली आणि मग माझ्या लक्षात आलं. बाळ तर कपड्याच्या झोळीत घालून तोलायचे! म्हणजे झोळीचं वजनही धरलं गेलं. सगळं चुकलं! रडवेली होऊन मी जनाबाईंकडे धावले.

"पोरी, ओळीतला पयला ठिपका भरीव हाय का पोकळ?"

"पोकळ. मला वाटलं शाई संपली."

"दर ओळीले शाई संपन का? थो झोळीचा हाय. थो मोजाचा नसते."

शेजारीच कागद तपासत बसलेल्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्यात बी.एस्सी. नक्की कोण आहे?"

•

भामरागडकडच्या एका म्हातारीला मी समजावून सांगितलं, "आजी, तुमच्या मुलाचं जन्माच्या वेळी वजन कमी होतं, म्हणून त्याची तब्येत बघायला आलोय."

तिनं मला नीट न्याहाळलं. "चाळीस सालानं? लवकर आले बाई!"

•

सत्तारभाईंचं नावही त्या वहीत होतं. सहा ठिपके! म्हणजे दीड किलो. गावोगावी ते पोटावर थाप मारून सांगायचे, "कापसात गुंडाळून ठेवलं होतं मले. आता पाहा!" पण स्वतःचा दंड काही पुढे करायचे नाहीत. "मले काऊन ताई? मशीन बिघडन तुमची."

एकदा पुलावर पाणी चढलं आणि आम्ही दुपारभर अलीकडेच अडकलो. कंटाळून त्यांनीच हात पुढे केला. पारा एकशे नव्वदवर! मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"काय निंगालं?"

मी सांगितलं. ते हसले. मग पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "गाडी चालवू देतीन न मले?"

•

नाही दिली. मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी केलं आणि किल्ली काढून घेतली. बीपी उतरेपर्यंत स्टिअरिंग बंद! तेवढे दिवस जीप मॅडम चालवायच्या. त्याबद्दल न बोललेलं बरं.

सत्तारभाई रुसले. गोळ्या तशाच पडून. हे कळल्यावर दुसऱ्या सकाळी जनाबाई काठी टेकत त्यांच्या दारात हजर.

"पयला महिना रोज येत होती मी तुयासाठी. आता बी येईन. तोंड उघड!"

चाळिशीच्या सत्तारभाईंनी मुकाट्यानं आ वासला. गोळी गिळली, की जनाबाई दवाखान्यात यायच्या, जुनी वही मागायच्या आणि सत्तारभाईंच्या ओळीत पुढे एक ठिपका द्यायच्या. असे तीस दिवस, एकही खाडा नाही! तिसाव्या दिवशी मीच बीपी घेतलं. उतरलं होतं. किल्ली हातात पडताच सत्तारभाईंनी असा हॉर्न वाजवला, की मी दचकून खाली बसले.

•

पुढे नागपूरहून एक साहेब आमचं काम तपासायला आले. त्यांच्यापुढे वहीची झेरॉक्स. पेन्सिल टेकवत, एकेक भरीव ठिपका मोजत चालले होते. एका ओळीवर थांबले. पुन्हा मोजलं. चष्मा काढला.

"छत्तीस ठिपके? नऊ किलोचं बाळ?"

मी घाईघाईनं फाइल चाळायला लागले. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"अहो, हे मूल जगलं तरी कसं?"

दारातून आवाज आला, "जगलं न साहेब! चला, गाडी लावून ठेवली हाय."