बबनच्या वडिलांचा वस्तरा

शरद गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरला होते. चार महिने दौंडला त्याच्या आजारपणात सोबत राहून दोन दिवसांसाठी घरी आले होते, कामांची यादी घेऊन. त्याच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, भाऊ गेले. चहा अर्धा तसाच..."

मुलांनो, माझा हा धाकटा भाऊ तुम्हाला दौंडचे आजोबा म्हणून ठाऊक. व्हिडिओ कॉलवर वस्तरा दाखवून "हा माझ्यापेक्षा म्हातारा आहे" म्हणणारा. त्या साठ वस्तऱ्यांचं आता काय करायचं, असं तुम्ही परवा विचारलंत. आधी एका वस्तऱ्याबद्दल सांगायला हवं. तो त्या साठांत नाही.

शरद रेल्वेत फिटर होता. मूलबाळ नव्हतं, बायको गेली आणि निवृत्तीनंतर त्याला हा नाद लागला. सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले तसे दगडावर धार लावायचे जुने वस्तरे न्हाव्यांच्या धोकट्यांत गंजत पडले, भंगारात जाऊ लागले. शरद ते मिळवायचा, रॉकेलमध्ये भिजवायचा, दिवसचे दिवस दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा. धार बघायला स्वतःच्या डाव्या हातावरचे केस काढायचा, त्यामुळे तो हात कायम ठिकठिकाणी उजाड दिसे. "नवा करायचा नाही ताई, चालता करायचा," एवढंच त्याचं तत्त्व.

वस्तरे शोधून आणायचा बबन. न्हावरे स्टँडजवळ त्याचं सलून. एकदा राहू गावाहून वस्तरा घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "आप्पा, म्हातारी देतच न्हवती. म्हनली, आमच्या मालकाचा हाय. मी म्हनलं, दौंडात एक येडं हाय, ते ह्येची पूजा करतंय."

"निम्मं खरं सांगितलंस," शरद म्हणाला. "पूजा मी करत नाही."

एके दिवशी बबनने स्वतःच्या वडिलांचा वस्तरा आणला. म्हाताऱ्याची दोन बोटं अर्धांगाच्या झटक्यानंतर लुळीच राहिली होती. शिंगाची मूठ हातात ठरेना, म्हणून त्याने स्वतःच तिच्यावर जाड दोरा गुंडाळला आणि पुढे कित्येक वर्षं गावाच्या दाढ्या केल्या. "गंज तेवढा काढा, आप्पा. मुठीला हात लावू नका," असं बबन बजावून गेला. हे मला नंतर कळलं. मी तेव्हा शरदकडे आठवडाभर राहायला गेले होते. शरदने पातं सुटं करून मूठ एका वाटीत ठेवली आणि तो बाजारात गेला. मला दिसला घामाने, साबणाने काळाकुट्ट झालेला दोरा. मी तो कात्रीने कापला, केरात टाकला आणि मूठ सोड्याच्या पाण्यात उकळत ठेवली. शिंग उष्णतेने वाकतं हे मला माहीत नव्हतं. मूठ वाळलेल्या शेंगेसारखी पिळवटून निघाली.

शरद आला, बघून खाली बसला. "दोरा कुठे आहे?" कचऱ्याची गाडी तासापूर्वीच गेली होती.

त्याने शिसवीची नवी मूठ केली. सुंदर केली. बबनने वस्तरा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"पातं आमचं हाय. पर आबांचा हात कुठाय ह्याच्यात?"

"माझ्याच हातून झालं, बबन," शरद म्हणाला.

मी चहा घेऊन दारात उभी होते. आयुष्यभर वर्गात मुलांना चूक कबूल करायला लावणारी मी, कप खाली ठेवून आत गेले. बबनने चहा घेतला नाही. "येतो साहेब," म्हणाला. शरदला तो कधीच साहेब म्हणत नसे.

त्यानंतर सात वर्षं शरदकडे एकही नवा वस्तरा आला नाही. मी सांगते बबनला, असं मी दोनतीनदा म्हटलं. "सांगून दोरा येणार आहे का? राहू दे, ताई." आणि मी राहू दिलं, कारण ते सोयीचं होतं. दौंडला जाताना एसटी न्हावऱ्यात थांबायची तेव्हा मी सलूनच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीशी बसायचे.

दहाव्यानंतर शिरूरला परतताना मात्र न्हावऱ्यात उतरले. बबन गिऱ्हाइकाची दाढी करत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खुर्चीतला माणूस तोंडाला फेस तसाच ठेवून आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

"तवा का न्हाई बोलला, बाई?" बबनने विचारलं. "मला वाटायचं, येवढं सांगून बी ह्यांनी माझं ऐकलं न्हाई. तुमचा राग आला असता तर वरीसभर आला असता. त्यांचा सात वर्सं धरला." मग वस्तरा पुसत, "शेवटी आप्पांची दाढी कोन करत व्हतं?"

"मीच. त्याचे हात थरथरायचे. दुकानातल्या प्लास्टिकच्या रेझरने."

त्याने खुर्चीतल्या माणसाची राहिलेली दाढी पुरी केली. "मला बोलवायचं व्हतं," म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवलं.

मुलांनो, त्या साठ वस्तऱ्यांचं काय करायचं ते बबनने ठरवावं असं मला वाटतं. पण तो माझा फोन उचलत नाही... मी दर आठवड्याला दौंडला जाते, केर काढते, भांडी विसळते. मोरीच्या खिडकीत तो निळा प्लास्टिकचा रेझर पडलेला आहे. त्याच्या दोन पात्यांमध्ये शरदचे पांढरे केस अडकले आहेत. मी तो अजून धुतलेला नाही.