लॅपटॉपची पूजा

तेव्हा मी जेमतेम एकाहत्तर वर्षांची होते. अक्कल यायला अजून वेळ होता.

मी अमरावतीत, थोरली बहीण अकोल्याच्या जुन्या शहरात. ताईचे कान पार गेलेले, म्हणून फोन तिच्या कामाचा नव्हता. मोबाईलच्या एवढ्याशा काचेवर तिला नीट दिसायचं नाही, आणि माझा मोबाईल तर साधा, बटणांचा. म्हणून रोज चार वाजता आम्ही लॅपटॉपपुढे बसायचो. मी बोलायचे, ती माझे ओठ वाचायची. एक शब्द सुटायचा नाही तिच्याकडून. म्हणून एक दिवस खोडी काढली, तोंडावर पदर धरून बोलत बसले. ती दोनदा म्हणाली, पदर काढ. मी आपली हसतेय. तिनं झाकण आपटून लॅपटॉप बंद केला. म्हटलं, उद्या मनवू.

उद्या खंडेनवमी. विळी, कात्री, शिलाई मशीन पुजली, तसा लॅपटॉपही पुजला. हळदीकुंकवाचं बोट वरच्या ओळीतल्या एका कळेवर चांगलं दाबून टेकवलं. चार वाजता उघडते तर वायफाय नाही.

ताईच्या सुनेला फोन करून सांगितलं, माझं मशीन बिघडलंय, ताईला सांग. मग कामाला लागले. राऊटर बंद करून चालू केला. पासवर्ड तीनदा टाकला, चौथ्यांदा शेजारणीला एकेक अक्षर वाचायला लावलं. लाईनवाला येऊन पाहून गेला. लाईन बरोबर आहे, माझ्या मोबाईलवर तर चालून राहिलं, लॅपटॉप दुकानात न्या, म्हणाला. मी कशाला नेते? तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, उत्तर आपलं आपणच काढणार. एकेक उपाय करायचा, फसला की दुसरा. असे पाच दिवस. काय ती हुशारी!

पाचव्या दिवशी भिंग घेऊन पडदा तपासला. वायफायच्या खुणेच्या जागी बारीकसं विमान होतं. तसलंच विमान कळांवर शोधलं, तर ते वाळलेल्या कुंकवाखाली सापडलं. दाबलं, आणि सगळं सुरू. चार वाजतच आले होते. मी केस विंचरून बसले.

समोर सून आली. ताईला सकाळीच झटका आला होता, दवाखान्यात होती. धावपळीत मला कळवायचं राहून गेलं होतं.

मिळेल त्या एसटीनं गेले. ताईचे डोळे मिटलेले होते. ते पुन्हा उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेरवी झाल्यावर सुनेला विचारलं, मशीन बिघडल्याचं तिला कळलं होतं ना? सून आधी टाळत होती. मग म्हणाली, "मावशी, मी कागदावर लिहून दाखवलं. तरी रोज चारला लॅपटॉप उघडून बसत होत्या."

"काही म्हणाली?"

"म्हणे, मशीनचं काय सांगतं मले? ते रुसली हाये. रुसली नसती तं आली असती. अमरावती काय अमेरिकेत हाये?"

अडीच तासांचा रस्ता. पाच दिवसांत तो मला सुचला नव्हता.

मी रुसले नव्हते. दवाखान्यात हे तिला सांगितलंही होतं, तोंडापुढे तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून. नर्स म्हणाली, आजी, हळू बोला, बाकीचे पेशंट झोपलेत.