हात सोडायचा सराव

लग्नसराई संपली की टोकावड्याचा आमचा हॉल ओस पडतो. तेव्हा मुंबईहून चार जण सरावाला आले. विमानातून उडी मारायची आणि पडता पडता एकमेकांना धरून नक्षी करायची, अशी त्यांची स्पर्धा. सराव मात्र आमच्या फरशीवर, चाकांच्या फळ्यांवर पालथं पडून! फरशीला ओरखडे पडणार म्हणून मी आधी कुरकुरलोच.

त्यांच्यातला एक दांडगा, टकलू माणूस मात्र मला आवडायचा. चहाचा इवलासा कपही तो दोन्ही हातांनी धरायचा. नक्षीत सगळ्यांच्या आधी पोचायचा. शेवटी त्यांची कप्तान बाई डोक्यावर हात हलवायची. मग सगळ्यांनी हात सोडून लांब लांब जायचं, नाहीतर उघडलेली पॅराशूट एकमेकांत गुंतून जीव जायचा. हा मात्र शेजाऱ्याची बाही धरूनच राहायचा.

"अवो, सोडत का नाय तुमी?" मी एकदा विचारलं.

"धरलेलं असलं की पडतोय असं वाटतच नाही, दादा," तो म्हणाला.

"उद्या सोडलं नाहीस, तर विमानात घेणार नाही," बाईनं बजावलं.

दुसऱ्या दिवशी इशारा झाला आणि यानं बाही सोडली. असा सुसाट गेला, की रचलेल्या खुर्च्यांवर जाऊन धडकला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

निघताना त्यानं हात पुढे केला. मी धरला आणि बोलत राहिलो. शेवटी त्यानं हसत दुसरा हात डोक्यावर हलवला, तेव्हा कुठे मी सोडला.