चांदीपच्या खळ्यावर पांडव जिंकतात तेव्हा

परिसंवादाला मी चहासाठी जातो. ‘आपले पारंपरिक खेळ’ या विषयावरच्या परिसंवादात एका विद्वानाने सोंगट्यांचा खेळ इतक्या तपशिलात समजावला की माझ्या रांगेतले दोघे झोपले. तिसरा मी. मला जागं केलं ते शेजारच्या फ्रान्सिस मास्तरांनी. हे वसईजवळच्या होळी गावचे शिक्षक.

“खेळ असा कळत नसतो,” ते म्हणाले. “आमच्या तालुक्यात चांदीपला नाटकात खरा डाव मांडतात. या बघायला.”

“खरा म्हणजे?”

“म्हणजे कोण जिंकणार ते नटांनाही ठाऊक नसतं.”

नाटक महाभारतातल्या द्यूताचं. ज्या डावाचा निकाल देशातल्या शेंबड्या पोराला माहीत, तो फक्त नटांना माहीत नाही! मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी होळीला पोचलो. मास्तरांची वाडी केळीची. त्यांच्या बाईंनी तळलेले बोंबील वाढले आणि निघताना पिशवीत सुकेळी कोंबली. वसईची ही वाळवलेली केळी दिसायला गुळाच्या ढेकळासारखी, पण एसटीच्या प्रवासात त्यांच्याइतका विश्वासू सोबती नाही. रविवारी सकाळी मास्तर चर्चमधली मिस्सा आटपून आले आणि आम्ही निघालो.

जाणाऱ्यांसाठी माहिती: विरारच्या पूर्वेला एसटी मिळते. स्टँडवर वेळापत्रक आहे, ते शोभेसाठी. तिकीट स्वस्त, पाठीची मालिश त्यातच येते. चंदनसार मागे पडलं की नव्या इमारतींचे पाये संपतात आणि भातखाचरं सुरू होतात. चांदीपला खाणावळ नाही. पण पाहुणा दिसला की कुणीतरी तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ पुढे करतंच. नको म्हणू नका. एक तर उसळ फार चांगली असते, आणि दुसरं म्हणजे तुमचं ऐकत कोणी नाही.

नाटक दुपारी चारला. रात्री का नाही, असं विचारलं तर एकाने विजेच्या खांबाकडे बोट दाखवलं. खांब होता, वीज अधूनमधून येई.

भात झोडून झालेलं खळं शेणाने सारवलेलं. त्यावर चुन्याने सोंगट्यांचा पट आखलेला, अधिकाच्या चिन्हासारखा चार हातांचा आणि एवढा मोठा की त्यावर माणसं चालावीत. चालतातच! सोंगट्या म्हणजे जिवंत नट. धर्मराजाकडे भीम आणि अर्जुन, शकुनीकडे दुर्योधन आणि दुःशासन. कवड्या सुपात टाकायच्या. दान पडेल तितकी घरं नटाने चालायचं, चालताना काय बोलायचं ते त्याचं त्याने बघायचं. मधल्या घरातून निघून चारही हातांची फेरी मारून पुन्हा मधे शिरलात की तुम्ही पिकलात. ज्याचे दोघेही आधी पिकले तो पक्ष जिंकला. वाटेत दुसऱ्याची सोंगटी नेमकी तुमच्या घरात आली की तुम्ही मेलात, पुन्हा पहिल्यापासून.

शकुनी व्हायचा मान गावातल्या सगळ्यात पक्क्या खेळाडूचा आणि धर्मराज सगळ्यात कच्चा. त्यामुळे महाभारत आजवर सुरळीत चालत आलं होतं. यंदा मात्र जुन्या शकुनीची नजर गेली होती, आणि त्याच्याखालोखाल पक्की खेळणारी निघाली कमळ. तिचा नवरा दामू म्हणजे इथला कायमचा धर्मराज. नाटक बसवणारे तात्या पेटी पुसत मला म्हणाले, “बाईमानूस मिशी लावनार आनि शकुनी होनार! बोललो, एक डाव दिला. हरली तर पुढल्या सालापासून माझा भाचा. पुन्यांदा नाव काढायचं नाय.”

कमळ शेजारीच मिशी चिकटवत होती. “भाच्याला दान मोजता येतं का, तात्या? का तेपन तुम्हीच मोजनार?”

नाटक सुरू झालं. दामूने राज्य लावलं, भाऊ लावले आणि द्रौपदीपाशी येऊन अडखळला. बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, “दाम्या, तुझी बायको समोर बसलीय! तिला इचार आधी!”

शकुनीने मिशी दाबून धरली. “लाव, लाव. घरात दुसरं हाय काय लावायला?”

खळं हसून लोळलं. मी पुढे सरकून बसलो. परिसंवादात न उलगडलेला खेळ आता आपोआप कळत होता. दुःशासनाने भीमाला मारलं आणि तो भला माणूस गदा ओढत पहिल्या घराकडे निघाला, तेव्हा ‘सोंगटी मरणे’ म्हणजे काय हे मला त्याच्या चेहऱ्यावर वाचता आलं. “भीमा, जेवून ये जा!” पोरं ओरडली.

दामूला मात्र त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे. टाकावं ते दान नेमकं पडावं. मेलेला भीम फेरी मारून परत आला, वाटेत त्याने दुर्योधनाला घरी पाठवलं. कमळ खालच्या आवाजात बोलली, पण मी पुढेच होतो. “माझ्यासाठी मुद्दाम हरलात तर रातच्याला जेवायला वाढनार नाय.”

“मी कुठं काय करतोय? कवड्याच ऐकत नायत!” जिंकत चाललेला धर्मराज रडकुंडीला आला होता.

शेवटचं दान पडलं आणि भीम अर्जुनाशेजारी मधल्या घरात जाऊन उभा राहिला. पांडव जिंकले! क्षणभर कोणाला कळेना, टाळ्या वाजवायच्या की माफी मागायची. मग एकच आरडाओरड. पोरांनी दामूला खांद्यावर घेतलं. जन्मात पहिल्यांदा जिंकलेला माणूस कसा दिसतो ते मी पाहिलं. मुकुट तिरका, तोंड उघडं. वनवास टळला, युद्ध टळलं. वस्त्रहरणासाठी दाढी वाढवलेला दुःशासन तेवढा हिरमुसला.

तात्यांनी पेटीचा भाता मिटला. “झालं. नारळ फोडा.”

कमळने मिशी काढली नाही. सांडलेल्या कवड्या गोळा करून तिने सूप समोर सरकवलं. “धर्मराजा, आनखी एक डाव.”

“डाव एकच ठरला होता,” तात्या म्हणाले.

“तो तुमचा नि माझा. शकुनीचा कुठं ठरला होता? पोथीत धर्म दोनदा खेळलाय, तात्या. श्रावनात तुम्हीच वाचून दाखवता. शकुनीनं बोलावल्यावर तो नाय म्हनला का?”

पोथीचं नाव निघताच तात्यांनी नारळ बाजूला ठेवायला लावला. पण दामूला जबरदस्ती कोण करणार? लोक ओरडत होते, “दाम्या, उठलायस तर घरी चल! बसू नको!” मास्तरांनी माझा दंड धरला होता. दामूने तात्यांकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. मग पोरांच्या खांद्यावरून उतरला, मुकुट सरळ केला आणि मांडी घालून सुपासमोर बसला.

“टाका, शकुनीमामा.”

बायकोला चारचौघांत मामा म्हणणारा नवराही मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसरा डाव तिने असा खेळला की भीमाला निम्मी फेरीसुद्धा करता आली नाही. द्रौपदी झालेला रांगडा गडी धाय मोकलून रडला, दुःशासनाची दाढी कामी आली आणि ऊन उतरायच्या आत पांडव वनवासाला लागले. तात्या कमळकडे न बघता म्हणाले, “पुढल्या साली मिशी चांगली आन. ही सुटते.”

आम्ही एसटीची वाट बघत होतो, तेव्हा दामू सोडायला आला. मी विचारलं, “जिंकला होतास. बसलास कशाला?”

“जिंकून काय करनार?” तो म्हणाला. “भाचा आला असता. रोज घरी जिच्याकडनं हरतो ती बरी. परक्याकडनं हरायला कोनाला आवडतं?”

घरी येऊन मी गच्चीवर खडूने पट आखला, शेजाऱ्यांना बोलावलं. डाव काही झाला नाही. कवड्या टाकायला सगळे तयार, सोंगटी व्हायला कोणीच नाही. चांदीपची गोष्ट सांगितली की ज्याला त्याला विचारायचं असतं, शेवटी कोण जिंकलं? मी कमळचं नाव सांगतो आणि लोक समाधानाने उठतात. मला मात्र आठवतो तो दामू, मांडी घालताना एका हाताने मुकुट सावरणारा. आमच्या शहरात हरलेलासुद्धा खुर्चीवरून उठत नाही. जिंकून पुन्हा जमिनीवर बसणाऱ्याची गोष्ट इथे कोणाला आणि कशी समजावून सांगायची, हे मला अजून जमलेलं नाही.