बसवायचा राहिलेला गणपती

सातारच्या दवाखान्यातून मोटारवाल्याने निरोप आणला तेव्हा मी अण्णाच्या खाटेखालचा केर काढत होते. तिथे पोत्यात गुंडाळलेला दगडी गणपती असायचा, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून अण्णा मला रोज बजावायचा. ‘ओव्हरसिअरसाहेब गेले, बाई,’ एवढंच मोटारवाला म्हणाला. मी आधी गणपती नीट आहे ना ते पाहिलं, मग रडले...

अण्णा माझा थोरला भाऊ, संस्थानात ओव्हरसिअर होता. लग्न केलं नाही त्याने. मी विधवा होऊन परतले तेव्हा रहिमतपूरच्या या भाड्याच्या दोन खोल्यांत त्याने माझी ट्रंक स्वतः उचलून ठेवली. तसा तिरसट. भाजीत मीठ कमी पडलं तर बोलायचा नाही, नुसता ताटाकडे बघत बसायचा. पण पलूसपलीकडच्या डोंगरात संस्थानच्या सरकारांसाठी त्याने बांधलेल्या शिकारी बंगल्याचा विषय निघाला की गडी खुलायचा. बंगला पुरा झाला होता, फक्त दारावरचा गणपती बसवायचा राहिला होता. तो मालकाच्या हातानेच बसवायची रीत. सरकार आजारी पडले, आले नाहीत, पुढे वारलेच. बंगल्याला कुलूप लागलं आणि गणपती चोरीला जाईल म्हणून अण्णाने घरी आणला. मी एकदा त्याच्यावर जास्वंद वाहिली तर केवढ्याने ओरडला! ‘तो अजून बसला नाही, यमू. बसवल्याशिवाय पूजा नाही.’

संस्थान विलीन झालं आणि लोक बंगला उचलून नेताहेत असं कानावर आलं. अण्णाने गणपती घेतला, मला घेतलं. आधी रेल्वे, मग बैलगाडी. डोंगरावर नुसतं जोतं उरलं होतं. मेंढरं चारणारा एक धनगर म्हणाला, ‘बंगला बघाया आलाय व्हय? आवं, त्यो आता गावात हाय. कुणाच्या हिरीत, कुणाच्या गोठ्यात.’

मी जोत्यावर चढू लागले तसा अण्णा खेकसला, ‘तिथे भिंत आहे! दारातून ये. आणि वाक जरा, कमान खाली आहे.’ मी वळसा घालून गेले, वाकून आत शिरले. मग त्याने मला बंगला दाखवला... इथे बंदुका, इथे सरकारांची खुर्ची, या खिडकीत सकाळचं ऊन. शेवटी पोतं सोडून म्हणाला, ‘पहिली आत आलीस ती तूच. आता मालकीणही तूच. बसव.’

बसवायला भिंत कुठे होती? ‘घरी बसवू,’ मी म्हटलं. ‘ते घर काय आपलं आहे?’ म्हणाला. परतताना गणपती मांडीवर घेऊन बसला होता. त्या दिवसापासून तो खचला, असं मला वाटतं; शेवटी सातारच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

अण्णाचे दिवसवार झाल्यावर घरमालकीण सोनाबाई आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, ‘आवं, मग आमच्या दारावर बसवा की. मालकीण मी हाय, मी हात लावते. आन् तुमी बी लावा.’

गवंडी बोलावला. दाराच्या वर त्याने जागा कोरून दिली आणि आम्ही दोघींनी दगड आत सरकवला. अण्णा असता तर ओळंबा लावून चार चुका काढल्या असत्या. ती कटकट ऐकायला मी काय वाटेल ते देईन. घर फार ओकंबोकं झालंय...

सोनाबाई गेल्यावर मी पहिली जास्वंद वाहिली आणि आत यायला निघाले. आमचं दार चांगलं उंच आहे. तरी मी वाकले.